उकिरड्याची माती

आमच्या सासऱ्यांना ऊस कळायचा. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांनी जन्मभर मिशीला पीळ दिला. ऊस कळतो म्हणजे आंबा कळतो, पाऊस कळतो, सरकार कळतं आणि सून तर न बघताच कळते, असा त्यांचा खाक्या. नव्वद सालानंतर कधीतरी मी चंदगडकडच्या डोंगरातून लग्न करून गडहिंग्लजच्या बाजूला आले. जिकडं बघाल तिकडं ऊस, आणि माणसांची मिजास उसापेक्षा हातभर उंच.

पहिल्याच पावसाळ्यात माझे वडील टेम्पोत हापूसची कलमं घालून आले. रस्त्याकडेच्या तुकड्यात स्वतः खड्डे काढून त्यांनी ती लावली. "पोरीचं म्हणून कायतरी असूं दे हितं," म्हणाले. आणि खरंच, त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. भांड्यांवरसुद्धा सासूबाईंचं नाव होतं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामांनी कलमांना उसाचा पाहुणचार सुरू केला. पाण्याची पाळी आली की घमेलं भरून युरिया, पुढच्या पाळीला पुन्हा युरिया. झाडं नुसती माजली. पानं हाताएवढी, हिरवी म्हणता म्हणता काळी दिसायची. रस्त्यानं जाणारा एखादा मोटरसायकल थांबवून म्हणायचा, "पावणं, लई जोमात हाय की बाग!" झालं, मामांची छाती दोन दिवस खाली यायची नाही. अहो, पानं खायची होती काय कुणाला? शेळ्या असत्या तर गोष्ट वेगळी.

मोहोराच्या नावानं शिमगा. चार-पाच वर्षांनी जे काही आंबे लागले, ते दिसायला थोराड आणि चवीला दुधी भोपळा. पिकायच्या आधी देठाशी कुजायचे. कापला तर आत पांढरा चिवट साका. मी म्हटलं, "मामा, युरिया थांबवा. त्यानं निस्ता पाला वाढतोय. पोटॅश पायजे, शेणखत पायजे. आमच्या बाबांनी..."

"तुज्या बानं बोगस कलमं गळ्यात मारल्यात, आन तू मला शिकीव!"

एवढ्यावर थांबले असते तरी मी गिळलं असतं. पण त्या उन्हाळ्यात वडील भेटायला आले, तेव्हा मामांनी त्यांच्यापुढं ताटलीत त्याच आंब्याच्या फोडी ठेवल्या. "खावा की पावणं, तुमचंच हाय." वडलांनी मान खाली घालून दोन फोडी खाल्ल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचे हे शेजारीच बसले होते, पंख्याकडं बघत. त्यानंतर मामांनी जाहीरच केलं, आणखी एक वर्ष बघायचं, नाहीतर सगळी कलमं तोडून तिथं ऊस.

मग गावात माती तपासणीचं शिबिर आलं. शेती खात्याच्या साहेबांनी देवळाच्या ओट्यावर उभं राहून सांगितलं, झाडांच्या आसपास पाच-सहा ठिकाणची माती घ्या, मिसळा, त्यातली मूठभर पिशवीत आणा. मला हुरूप आला. म्हटलं, आता माती स्वतःच बोलेल, माझ्या तोंडाची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मामा गोठ्यामागं उकिरड्याजवळ बसलेले. पिढ्यान् पिढ्यांचं शेण आणि राख मुरलेली ती माती ते पिठाच्या चाळणीनं चाळत होते. माझ्या पिठाच्या चाळणीनं!

"मामा, ही कलमांतली माती न्हवं की."

"सरकारी सायबाफुडं कसली माती न्यायची ती मला कळतंय. घराण्याची अब्रू हाय ती."

आता या माणसापुढं काय डोकं फोडायचं? आणि मामा एकटेच नव्हते. कुणी तुळशीतली नेली, कुणी परसातली. मुलगी दाखवायची असल्यासारखी गावानं माती नटवून पाठवली. निकाल काय लागणार? अख्खं गाव पहिल्या वर्गात. आमच्या कागदावर तर पोटॅश भरपूर, काही घालायची गरज नाही. मामांनी तो सोप्यात फ्रेम करून लावला आणि येईल त्याला वाचून दाखवला. "माती झ्याक हाय आमची. कलमंच नासकी." मी यांना म्हटलं, "तुमी तरी सांगा, ती माती उकिरड्याची हुती म्हणून." हे म्हणाले, "आता फ्रेम केलीया, कसं सांगू?" वा रे मर्द.

कलमांवर राग धरून मामांनी त्यांचं पाणी तोडलं, युरिया बंद केला, तिकडं फिरकायचंच सोडलं. बिचाऱ्या झाडांना पहिल्यांदाच श्वास घेता आला. पावसाळा सरताना मी गडहिंग्लजच्या बाजारातून लाल पोटॅशची पिशवी आणली, एसटीत मांडीवर घेऊन. आळी खणली, शेणखत टाकलं, चुलीतली राख टाकली. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

संक्रांत झाली आणि मोहोर फुटला. एका झाडाला नाही, सगळ्या झाडांना. पानं झाकून गेली. मी बांधावर उभी राहून ढसाढसा रडले, लाज वाटली नाही. वडलांना निरोप धाडला, या आणि बघा.

वडील यायच्या आधी कुऱ्हाडवाले आले. मामांनी चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगून टाकलं होतं, पौष संपला की तिथं उसाची लागण. बांधावर येऊन कुऱ्हाडवाले थबकले. एक जण म्हणाला, "मालक, ह्यास्नी तर मोहोर आलाय की."

मी पळत गेले. "मामा, बघा तरी! तुमच्याच रानात आलाय. माजं नाव बी घेऊ नगा, तुमी केलं म्हणून सांगा गावाला. पर तोडू नगा."

मामांनी वर बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग म्हणाले, "चार माणसांत बोललोय मी," आणि कुऱ्हाडवाल्याच्या हातातली कुऱ्हाड घेऊन पहिला घाव स्वतः घातला.

वडील दुसऱ्या दिवशी आले. हातात पेढ्यांचा पुडा होता.