हाळीचा वरचा सूर

दारावर बांधलेल्या भाताच्या लोंब्यांचा वास अजून ओसरलेला नाही. जुडी बांधून आठ दिवस झाले, तरी येता-जाता तो नाकात शिरतो. उन्हात तापलेल्या पेंढ्याचा, थोडा दुधाचा, थोडा धुळीचा असा तो वास आहे. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, खानापूरच्या पलीकडच्या आमच्या गावाहून दरवर्षी नव्या भाताची अशी एक जुडी पाठवते. यंदा ती स्वतःच घेऊन आली, एसटीत मांडीवर जपून धरून. बेळगावातल्या आमच्या या दोन खोल्यांच्या घरात तो वास पसरला, की मी साठी ओलांडलेला माणूस राहत नाही. सहा-सात वर्षांचा होऊन शेताच्या खालच्या बांधावर उभा असतो आणि पाठीमागे लगेच जंगल सुरू झालेलं असतं.

भात पिकायला आलं की आम्ही दोघं पाखरं राखायला जायचो. वरच्या अंगाला चार खांबांचा माळा होता, त्यावर आक्का. खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी, मी. मधे सगळं पिवळं भात, आणि ते माझ्या डोक्याच्या वर, त्यामुळे आक्का मला दिसायची नाही. दिसत नसली तरी ऐकू यायची. ‘हो ऽऽ हो ऽऽ हो’ अशी तिची हाळी यायची. तिला शब्द नव्हते, नुसताच आवाज. खालून उठायचा, मधे थोडा रेंगाळायचा आणि शेवटी एकदम उंच जाऊन तुटायचा. तो तुटण्याआधीचा अगदी वरचा सूर ऐकला, की पोपटांचा थवा भुर्रकन उडायचा. पुढे आयुष्यात पुष्कळ गाणं-बजावणं ऐकलं, पण त्या वरच्या सुरासारखं काही ऐकलं नाही. त्या बांधावर मला कधी भीती वाटली नाही, असं मी बायकोला आणि लेकीला पन्नासदा सांगितलेलं आहे. एकदा ओढ्यापलीकडे गवा उभा होता, त्याच्याकडे मी टक लावून बघत राहिलो, हेही सांगितलेलं आहे. ऐकणारी माणसं घरचीच असल्यामुळे कुणी उलटतपासणी केली नाही.

कानाचं वेड तिथूनच लागलं असावं, कारण पुढे पोटही कानावरच भरलं. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी चौतीस वर्षं ओतीव माल तपासायचं काम केलं. माल थंड होऊन, घासून आला, की त्याला टांगून हातोडीने हलकेच ठोकायचं. चांगला असेल तर खणखणीत वाजतो, आत कुठे भेग असेल तर बद्द. डोळ्यांना न दिसणारी भेग मी कानाने पकडायचो आणि मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. भोवती ग्राइंडर किंचाळत असायचे. साहेब कानात घालायला रबरी बोळे द्यायचे; मी ते खिशात ठेवायचो. बोळे घातले तर भेग ऐकू येणार कशी? बोळे घालणाऱ्या पोरांची मी चेष्टा करायचो. ती पोरं आता कुठे आहेत ठाऊक नाही, पण त्यांचे कान त्यांच्यापाशी असतील.

निवृत्त झालो आणि घरात माझी अडगळ झाली. लेक पुण्याला असते. गेल्या वर्षी आली तेव्हा तिने आपला जुना लॅपटॉप मला दिला आणि त्यात गाणी रचण्याचं एक सॉफ्टवेअर घालून दिलं. ‘‘पप्पा, हे लहान मुलांसाठी आहे, म्हणजे तुम्हाला जमेल,’’ असंही वर म्हणाली. जमलं. पडद्यावर वहीसारखे चौकोन आखलेले. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक सूर, खाली जाड आणि वर बारीक. चौकोनावर बाण नेऊन दाबलं की तो रंगाने भरतो आणि त्रिकोणाचं बटण दाबलं की भरलेले चौकोन डावीकडून उजवीकडे एकेक उजळत वाजत जातात. पेटी, बासरी, ढोल, हवं ते वाद्य निवडावं. मी घंटी निवडली, कारण ती भेग नसलेल्या ओतीव मालासारखी वाजते. सा कुठला आणि रे कुठला हेही मला नीट माहीत नव्हतं, तरी पंधरा दिवसांत मी दुपारची झोप सोडली. आणि मग एके दिवशी मनात आलं, आक्काची हाळी यात उतरवावी. आता गावात कुणी हाळी घालत नाही. शेतावर चमकदार पट्ट्या बांधतात, त्या वाऱ्यावर फडफडतात आणि पाखरं लांब राहतात. ती हाळी आता फक्त माझ्या कानात उरली होती.

खालचे सूर लवकर सापडले. मधलं रेंगाळणंही जमलं. वरचा सूर मात्र सापडेना. मी एकेक ओळ वर सरकत गेलो, तसा घंटीचा आवाज बारीक बारीक होत गेला आणि वरच्या तीन ओळींत तर काही वाजेचना. चौकोन उजळायचा, पण आवाज नाही. चौतीस वर्षांच्या सवयीने मी निकाल दिला, माल खराब. लॅपटॉपला बाहेरचा स्पीकर आणून जोडला. तरी तेच. आवाज पूर्ण वाढवला, त्या तिन्ही ओळी भरल्या, पुनःपुन्हा वाजवल्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, ‘‘हा दुसरा स्पीकरही फुकट गेला बघ. वरच्या ओळी बंदच आहेत.’’

बायको हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आली. तिने दोन्ही कानांवर मनगटं दाबली होती. ‘‘बंद कुठं हायत ओ? कान फुटायची पाळी आलीया. बारीक करा की जरा!’’

मी बटण दाबून ते थांबवलं. म्हणजे थांबवलं असावं, कारण तिने हात खाली घेतले. तिला काही कळलं नाही. ती पुटपुटत आत गेली.  घरात कानठळ्या बसवणारा आवाज होता आणि मी त्याच्या मधोमध शांतपणे बसलो होतो. मला घाम फुटला. इतका की कीबोर्डवर थेंब पडले.

कानाच्या डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली, डावीकडून सरळ येऊन पुढे घसरत गेलेली. गेलेलं परत यायचं नाही, म्हणाले. राहिलेलंही हळूहळू कमी होत जाईल, यंत्र लावून थोडंफार निभेल. मी कागद घडी करून खिशात ठेवला, पूर्वी बोळे ठेवायचो तसा, आणि घरी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी चहाआधी मी एक काम करू लागलो. खालच्या ओळीपासून एकेक चौकोन दाबत वर जायचं आणि आज कुठवर ऐकू येतं ते बघायचं.  भाद्रपदात एक दिवस वरून चौथी ओळही गेली. आदल्या दिवशी ती होती, लांबून का होईना, पण होती. मी तो चौकोन दहा वेळा दाबला आणि मग पडदा मिटून टाकला. कुणीतरी घराच्या माडीवरून एकेक पायरी खाली उतरत येतंय आणि आपण तळमजल्यावर बसून मोजतोय, असं वाटायचं.

आक्काला फोन करून हाळी घालायला सांगणं सोपं होतं. वरचा सूर कुठला ते एका मिनिटात कळलं असतं. तीन महिने मी तो फोन केला नाही. फोनवर तिने हाळी घातली आणि वरच्या सुराच्या जागी मला नुसती शांतता आली, तर? तो सूर माझ्या डोक्यात तरी होता. तिच्या तोंडून तो ऐकू आला नाही, तर डोक्यातलाही जाईल अशी मला धास्ती होती. शेवटी अंदाजाने सगळ्यात वरच्या ओळीत एक पिवळा चौकोन भरला आणि हाळी पुरी झाली असं ठरवलं.

आणि गेल्या आठवड्यात आक्का लोंब्या घेऊन स्वतःच दारात उभी राहिली. चहा झाल्यावर बायकोनेच चहाडी केली, ‘‘आक्का, ह्यांनी काय खेळणं काढलंय बघा तरी.’’ सुटका नव्हती. मी लॅपटॉप उघडला, बटण दाबलं आणि पडद्याकडे न बघता आक्काच्या चेहऱ्याकडे बघत बसलो.

आधी ती नुसती ऐकत होती. मग तिची मान हलली. ‘‘आगं बया! ही माझी हाळीच की रं!’’ पुढे पिवळा चौकोन उजळला. मला काही ऐकू आलं नाही, पण आक्का दचकली. तिने माझा हात धरला.

‘‘आणि हे वरचं कुठनं आणलंस?’’

‘‘तुझंच न्हवं ते? शेवटचं. उंच.’’

‘‘माझं न्हाय. माझा गळा जाडा, एवढा वर कवा जाईल?’’ ती माझ्याकडे बघत राहिली. ‘‘ते तुझं हाय. मी हाळी घातली की तू खालनं ‘ही ऽऽ’ करायचास. रडकं. लई भ्यायचास तू.’’

‘‘पाखरांसाठी हाळी घालायचीस ना तू?’’

‘‘पाखरं काय, डबा बडवला तरी उडत्यात. तू दिसायचा न्हाईस भातात, म्हणून घालत होते. तुझं ‘ही’ आलं की जिवाला बरं वाटायचं. एकदा आलं न्हाय, तर माळ्यावरनं उडी टाकून पळत आलते. तू गव्याम्होरं उभा. चड्डी ओली.’’

बायको हसली. मीही हसायला गेलो, पण जमलं नाही. इतकी वर्षं जो सूर मी आक्काचा म्हणून जपला, जो जाईल म्हणून रोज सकाळी धास्तावलो, तो माझाच होता, आणि तो भीतीचा होता. मग माझ्या तोंडून ते निघून गेलं, जे तीन महिने बायकोलाही सांगितलं नव्हतं. ‘‘आक्का, ते वरचं मला ऐकू येत न्हाय गं. कान चाललेत माझे.’’

बायकोचं हसू थांबलं.  आक्काने पदर सावरला, उठून पलीकडच्या खोलीत गेली, मला दिसणार नाही अशी, आणि तिथून हाळी घातली. आवाज चिरका झाला होता, मधे दमही तुटला, पण खालचे सूर तेच होते आणि ते मला ऐकू आले. हाळी संपली. आक्का थांबून राहिली. मग मला कळलं ती कशासाठी थांबली आहे. मी तोंड उघडलं आणि ‘ही ऽऽ’ केलं. ते किती उंच गेलं, कसं वाजलं, मला सांगता येणार नाही. पलीकडून आक्का म्हणाली, ‘‘आलं रं, आलं.’’

ती गावी गेली. पिवळा चौकोन मी पुसलेला नाही. तो उजळतो, एवढं मला दिसतं. सकाळचं ते मोजणं मात्र सुटलेलं नाही, आणि भीतीही गेलेली नाही. आता मोजताना बायको शेजारी येऊन बसते आणि मला ऐकू न येणाऱ्या चौकोनाला ‘‘वाजला’’ म्हणते. आत्ता दारावरच्या लोंब्यांवर दोन चिमण्या बसल्या आहेत. दाणे टिपतात, एकमेकींकडे बघतात, चोची उघडतात आणि मिटतात. मी त्यांना हाकललेलं नाही. टक लावून बघतो आहे.