बंद ट्रान्समीटर आणि किसनबाबांचं जेवण

आधीच सांगतो, भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. रिसोडला माझं दुरुस्तीचं दुकान आहे — अँप्लिफायर, इन्व्हर्टर, मोटारपंपाचे स्टार्टर, काय म्हणाल ते. मीटर दाखवतं ते खरं, बाकी सगळ्या बाता, असा माझा हिशेब. म्हणूनच हे लिहायला दोन महिने लागले. हसलात तरी चालेल... मीही हसलो असतो.

आमच्या तालुक्यात आसपासच्या गावांपुरतं एक लहानसं रेडिओ केंद्र आहे. त्याच्या ट्रान्समीटरची देखभाल माझ्याकडे. तिथे वंदना रोज दुपारी बारा वाजता शेतीचा कार्यक्रम करायची. तिचे वडील किसनबाबा केनवडला, मुला-सुनेजवळ राहतात. कार्यक्रम लागला की ताटावर बसायचं, हा त्यांचा नेम. लेक बोलतेय आणि आपण जेवतोय, यापलीकडे म्हाताऱ्याला काही नको होतं.

डिसेंबरात वंदना गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. चौतीस वर्षांची होती. मला दादा म्हणायची. फार वाईट वाटतं हो, अजूनही.

तेव्हापासून किसनबाबांनी दुपारचं जेवण सोडलं. सकाळी चहा, रात्री दोन घास. माणूस वाळत चालला. शेवटी सुनेने केंद्रात फोन केला, ताईचं एखादं रेकॉर्डिंग आहे का? होतं. आजारी पडायच्या आदल्या दिवशी केलेलं, न लागलेलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणार्थ होणाऱ्या विधीच्या, दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला ते लावायचं ठरलं. बाबांना तसा निरोपही गेला.

त्याच दिवशी सकाळी प्रियाचा फोन. प्रिया म्हणजे तिथली दुसरी निवेदिका.

"दादा, लवकर या. मशीन तापून राह्यलं, अन् आवाज कुठंच जाऊन नाही राह्यला."

गेलो. हात लावला तर चटका. पंखा फिरतोय, मशीन करंट खातंय आणि आउटपुट शून्य. अँटेनाची केबल काढून डमी लोड लावला — म्हणजे अँटेनाऐवजी जोडायचा भार, दोष बाहेरच्या केबलमध्ये आहे की मशीनमध्ये ते त्यावरून कळतं. तरी शून्य. आतला पॉवर ट्रान्झिस्टरच गेलेला. पण चांगलं चालणारं मशीन जळलं कशाने? वर पाहिलं आणि डोकं फिरलं. ज्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, तिच्यावर घडी केलेली शाल, शालीवर वंदनाचा फोटो, फोटोला हार.

"अगं, फोटो ठेवायला दुसरी जागा नव्हती का?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तिची जागा तेच होती ना दादा," प्रिया म्हणाली. "दिवसभर मशीनपाशीच त बसे."

फोटो शालीसकट उचलून खुर्चीवर ठेवला.

ट्रान्झिस्टर अकोल्याहून संध्याकाळच्या एसटीने येणार होता. बारा वाजले तेव्हा ट्रान्समीटर उघडा, आउटपुटचा बोर्ड टेबलावर, अँटेनाची केबल जमिनीवर. कॉम्प्युटरने ठरल्या वेळी रेकॉर्डिंग सुरू केलं, पण खोलीतला स्पीकर प्रियाने बंद ठेवला होता. तिच्याच्याने ऐकवत नव्हतं.

फोनवर सांगायची हिंमत होईना. गाडी काढून केनवड गाठलं. किसनबाबा ओसरीवर हात धूत होते. ताट रिकामं.

"जयभीम बाबा. माफ करा, आज मशीन —"

"लै मस्त बोलली पोरगी," ते म्हणाले. "हरभऱ्याच्या अळीचं सांगतलं. मधात खोकलली. मंग म्हने, माफ करा मंडळी, पाणी पिते."

सून मला दारापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "भाऊजी, मले त निस्ती खरखर आयकू आली. पन बाबा जेवले. दीड भाकर खाल्ली. मंग मी कायले बोलू?"

निघण्याआधी मी त्यांचा रेडिओ पाहिला होता. काटा आमच्याच केंद्रावर, आवाज फक्त खरखरीचा. म्हटलं, म्हातारं माणूस, मनाचे खेळ असतील.

संध्याकाळी पार्ट बसवला. तपासणीसाठी डमी लोडवरच तेच रेकॉर्डिंग लावलं. मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. हरभरा... घाटेअळी... आणि सातव्या मिनिटाला वंदना खोकली. "माफ करा मंडळी, पाणी पिते."

रेकॉर्डिंग मागे घेऊन पुन्हा ऐकलं. तेच शब्द. प्रिया शपथेवर सांगत होती, हे तिने स्वतः सोडून कुणीच ऐकलेलं नव्हतं. खोकला प्रियाच कापणार होती, ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम पूर्ण पॉवरने लागला. मी मुद्दाम जाऊन बाबांशेजारी बसलो. मशीन काल बंद होतं, संध्याकाळी दुरुस्त केलं, एवढं त्यांना सांगितलं. आवाज खणखणीत. शेजारच्या बाया पदराने डोळे पुसत ऐकत होत्या. बाबांच्या तोंडात दात नाहीत, भाकर वरणात कुस्करून सावकाश खातात, अर्धा तास तरी लागतो. रेकॉर्डिंग होतं पंधरा मिनिटांचं. ते संपलं, लगेच सोयाबीनचे भाव सुरू झाले. बाबांचा हात ताटातच थांबला.

"काल त थांबली होती," ते म्हणाले.

"थांबली होती म्हणजे?"

"माह्यं जेवन होईस्तोवर. कार्यक्रम झाला, मंग आमी दोघंच बोलत बसलो."

काय बोलले, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

नंतर मी सगळं तपासलं. दुसरं केंद्र, कुणाच्या मोबाइलवर गेलेली फाइल, कुणी मुद्दाम केलेला खोडसाळपणा... काहीच जुळत नाही. उघड्या मशीनमधून आवाज जात नाही, हे मी आजही छातीठोक सांगेन. आणि त्या माणसाने तो ऐकला, हेही तितकंच खरं आहे. याचा उलगडा मला झालेला नाही.

त्या दुपारी मी निघालो तेव्हा अर्धी भाकर ताटात तशीच होती. बाबांनी माझा हात धरला.

"भाऊ, तुमी मेहनत केली, नाही म्हनत नाही. पन ते मशीन काल जसं होतं ना... तसं करून देता येईन का?"

"पाहतो बाबा," मी म्हणालो. जी वस्तू दुरुस्त होणार नाही हे मला ठाऊक असतं, तिच्या गिऱ्हाइकालाही मी असंच सांगतो.