चंद्रासाठी लोहाऱ्याची भुकटी

धाराशिवच्या बसस्थानकावर उतरले तेव्हा पेटीच्या ओझ्यानं खांदा भरून आला होता. लोहाऱ्याच्या जीपमध्ये ती मांडीवरच घ्यावी लागली. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "पाण्याची मोटर हाय का?"

"नाही, माती घट्ट करायचं यंत्र आहे. चंद्रावरची."

आजोबांनी जरा विचार केला. "मग इकडं कुठं चाललाव?"

प्रश्न रास्त होता. मी पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते. चंद्रावर कधी घरं बांधायची झाली तर तिथली सैल भुकटी आधी घट्ट करावी लागेल. इथं आपण जड रोलर फिरवतो. तिथं त्याचं वजन सहावा हिस्साच भरेल. म्हणून दाबण्याऐवजी थरथरवून भुकटी बसवायची, असा आमचा प्रयोग. चंद्रावरचे काळे डाग आपल्या काळ्या दगडासारख्याच खडकाचे, तेव्हा त्या दगडाची भुकटी हवी होती. दोन ठिकाणची मातकट निघाली. लोहाऱ्याचीसुद्धा तशीच निघाली तर प्रयोग गुंडाळायचा, असं वरिष्ठांनी बजावलं होतं.

सास्तूरच्या रस्त्याला, तुरीच्या शेतांपलीकडे खडी क्रशर (दगड फोडायची गिरणी) दिसला. मालकीण सुलोचनाबाई साठीच्या. मी लगेच पेटी उघडायला लागले, तर म्हणाल्या, "आधी जेवा. चंद्र काय पळून चाललाय व्हय?"

भाकरी आणि येसराची (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची) आमटी झाली. लई तिखट. मी दोनदा घेतली.

मग भुकटी चिमटीत चोळून पाहिली; मातकट नव्हती. ती खोक्यात भरली. स्प्रिंगांना टांगून यंत्राचा भार सहाव्या हिश्श्यावर आणला आणि बटण दाबलं. यंत्र टुणटुण उड्या मारायला लागलं. भुकटीचा लोट उठला. सुलोचनाबाईंच्या भुवया करड्या झाल्या, माझं तर विचारूच नका. झटके लहान आणि जलद केले. पुन्हा उड्या. आणखी लहान केले, तेव्हा कुठं यंत्र जागेवर गुरगुरत राहिलं आणि भुकटी हळूहळू खाली बसू लागली.

सुलोचनाबाई थरथरत्या खोक्याकडं बघत होत्या. "आमचं सास्तूर भूकंपात असंच थरथरलं," त्या म्हणाल्या. "सासूबाई गेल्या त्यात. हादऱ्यानं घरं पडली, अन् तुमी हादऱ्यावरच घरं बांधणार?"

मी म्हणाले, "जमीन आधीच हलवून घट्ट केली, तर पुढं घराखाली खचायची भीती कमी होते. चंद्रावरही हादरे बसतात."

"मंग नीट हलवा. घाई करू नका."

भुकटी पुरती बसल्यावर मी यंत्र बाजूला घेतलं. त्यांनी चप्पल काढली, पदर खोचला आणि खोक्यातल्या भुकटीवर उभ्या राहिल्या. उतरल्यावर आम्ही दोघी वाकून पाहू लागलो. पाऊल उमटलं नव्हतं.

"पास का?"

"पास."

पोती घेऊन परतले. बसमध्ये मनात येत राहिलं, की चंद्र म्हटलं की सगळ्यांना त्या भुकटीत उमटलेलं माणसाचं पाऊल आठवतं. नुसतं जाऊन यायचं असेल तर ते शोभतं. राहायचं असेल, तर पायाखालची जमीन अशी हवी की पाऊल उमटूच नये.

पुण्यात अहवाल लिहायला बसले आणि लक्षात आलं, भुकटीवर किती भार दिला तेच टिपलेलं नाही. सुलोचनाबाईंना फोन करून, अडखळत, त्यांचं वजन विचारलं.

"ते कशाला सांगू?"

"चंद्रावर सहावा हिस्साच भरेल."

"मंग तिथलंच लिवा," त्या म्हणाल्या.