वरातीतला फटाका

ती सुनावणी आठवली की आजही माझी बोटं नकळत खांद्याकडे जातात. घरच्यांच्या मते सिलिंडर उचलायला सांगितलं की माझा खांदा दुखतो. तेही खरं आहे. पण ही गोष्ट वेगळी.

तेव्हा मी सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात उपविभागीय पोलीस अधिकारी होतो. माहिती अधिकारातली पहिली अपिलं माझ्याकडे येत. हे काम मला जावयाच्या मानपानासारखं वाटे. टाळता येत नाही, आणि चुकलं तर वर्षभर ऐकावं लागतं.

एका निवृत्त सुभेदारांनी अर्ज केला होता. लग्नाच्या वरातीत बंदुकीच्या बारानं किती माणसं जखमी झाली, एवढाच प्रश्न. ठाण्यांकडून एका शब्दात उत्तर गेलं होतं : निरंक. म्हणजे एकही नाही. आमच्या खात्याचा हा लाडका शब्द. लिहायला सोपा आणि वरच्या कार्यालयाला गोड लागणारा.

सुभेदार समोर ताठ बसले. मी म्हटलं, "उत्तर तर मिळालंय. मग अपील कशाला?"

"बंदुकीचं ऱ्हाऊ द्या, साहेब. वरातीत फटाक्यानं किती जखमी झाले, तेवढं सांगा."

मला हसू आलं. "फटाक्याचं काय करणार?"

त्यांनी दारातल्या शिपायाकडे पाहिलं. मी त्याला चहा सांगायला पाठवलं. तसे ते उठले, शर्टाची दोन बटणं काढली आणि माझा हात धरून स्वतःच्या खांद्यावर ठेवला. कातडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी टणक सरकलं. मी हात मागे घेतला. नोकरीत पंचनामे पुष्कळ केले होते. पण समोर बोलणाऱ्या जिवंत माणसाच्या अंगात छर्रा असा बोटाखाली कधी फिरला नव्हता.

"थोरलीच्या वरातीतला हाय," सुभेदार म्हणाले. "बाकीचे काढले, ह्यो एक ऱ्हायला. बॉर्डरवर नोकरी केली, अंगाला ओरखडा न्हाई. घावलो कुटं, तर लेकीच्या लग्नात."

"मग तक्रार का नाही दिली?"

"बार काढणारा नवरदेवाचा चुलता. पोरगी त्यांच्या घरात धाडायची आन चुलत्यावर केस करायची व्हय? फटाका उडाला म्हणून जबाब दिला. डॉक्टरनं चिमट्यात छर्रा धरून दावला. म्हणला, सुभेदार, तुमचा फटाका लय गोल हाय."

"आणि आता?"

"पुढल्या म्हैन्यात धाकटीचं लगीन हाय. त्याच घरात, थोरलीच्या दिराशी. चुलता म्हणतोय, आवंदा डबल बार. बारकी पोरं पुढं नाचत्यात, साहेब. मी नको म्हणलं तर व्याही रुसतोय. सरकारी कागदावर आकडा आला, तर त्यो पुढं करता ईल."

मी सगळ्या ठाण्यांतून फटाक्याने जखमी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय प्रमाणपत्रांसह मागवल्या. वरातीतल्या नोंदी मोजक्याच निघाल्या. पण एकामागून एका प्रमाणपत्रावर तेच होतं : जखमेत धातूचा गोल कण. आणि जबाब देणारा प्रत्येक जण मुलीकडचा. कुणी आमच्यापासून लपवलं म्हणावं, तर कागद आमच्याच कपाटात होते.

नवरदेवाच्या चुलत्यांना बोलावलं. बागायतदार माणूस, सगळे त्यांना आण्णा म्हणत. बागेवरची पाखरं हाकायला म्हणून बंदुकीचा परवाना. "बंदूक खुंटीलाच असती, साहेब," या एका वाक्यावर त्यांनी मला तासभर खेळवलं. मी कायदा सांगितला, आवाज चढवला. आण्णांनी आमचा चहा पिऊन साखर कमी असल्याचं सांगितलं.

गुन्हा लपवणाऱ्या माणसाला मर्दुमकी लपवता येत नाही, हे मी आमच्या भावकीत शिकलो होतो. मी हवालदाराला म्हटलं, "जाऊ द्या हो. जुनी बंदूक, गंजून गेली असणार. उडत नसेल."

आण्णांनी कप खाली ठेवला. "कोण म्हणतंय उडत न्हाई? थोरल्याच्या वरातीत तीन बार काढल्यात. व्हिडिओत बघा की."

हवालदाराचं पेन चालायला लागलं, तसा आण्णांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण व्हिडिओचा पत्ता त्यांनीच दिला होता.

लग्नाचा तो व्हिडिओ आम्ही ठाण्यात पाहिला. मागं सनईचं संगीत टाकलेलं. तिसऱ्या बाराला गर्दीतले सुभेदार एकदम खाली बसतात. बँडवाले थांबायला लागतात. आणि सुभेदार, शर्टावर रक्त पसरत असताना, दुसरा हात वर करून खुणावतात : वाजवा, वाजवा. बँड पुन्हा सुरू होतो. हवालदारानं उठून टीव्ही बंद केला.

सुभेदारांचा पुरवणी जबाब घेतला, गुन्हा नोंदवला, बंदूक जप्त केली. अपिलाच्या निकालात 'निरंक' रद्द करून खरा आकडा दिला आणि तो ठाण्यांच्या फलकावर लावायला सांगितला. नावं कुणाचीच नाहीत, फक्त आकडा आणि गावं. व्याही रुसले, आठवडाभर लग्न मोडतंय की काय अशी स्थिती होती. शेवटी धाकटीच्या होणाऱ्या नवऱ्यानंच घरात सांगितलं, बार काढायचा असेल तर मी बोहल्यावर चढत नाही. लग्न नुसत्या बँडवर झालं.

आकड्याची बातमी पेपरात आली. दोन दिवसांनी साताऱ्याहून धाकट्या बहिणीचा फोन.

"दादा, त्या आकड्यात सातारा धरलाय का रं?"

"नाही. माझ्याच भागाचा आहे. का?"

ती म्हणाली, "ह्यांचा डोळा फटाक्यानं न्हाई गेला."

भाचीच्या वरातीत मेहुण्यांचा डोळा गेला, तेव्हा त्यांच्या खाटेशेजारी मी दोन दिवस बसून होतो, तेही वर्दीत. घरातल्या प्रत्येकाला खरं ठाऊक होतं. पोलिसाला कळू द्यायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

माहिती मागणारा माणूस आमच्या चुका काढायला येतो, असं मी तोवर समजत होतो. या प्रकरणानं वेगळंच शिकवलं. लोक आम्हाला तेच सांगतात, जे सांगून त्यांना पुन्हा त्याच माणसांत नांदता येईल. आम्ही ते लिहून घेतो आणि कपाट लावतो. आकडा चव्हाट्यावर ठेवला, की ज्याची मोजणी त्यात राहून गेली, त्याला तो टोचतो.

मी बहिणीला म्हटलं, "पुरवणी जबाब दे. मी येतो सोबत."

"लेकीला विचारून सांगते," ती म्हणाली.

त्यानंतर मी निवृत्त झालो. तिचं विचारून अजून झालेलं नाही.