स्टेअरिंग लावलेला टीव्ही गेम

चांगली चालणारी वस्तू सुखानं चालू देणं आमच्या साडूभाऊंच्या पत्रिकेतच लिहिलेलं नव्हतं. गंगाखेडला ते एका कचेरीत कारकून होते, पण खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. गप्पा मारायला बसले तरी हात स्वस्थ नाही. समोरच्या खुर्चीचा स्क्रू पिळ, पंख्याच्या रेग्युलेटरला कान लाव, काहीच सापडलं नाही तर स्वतःच्या घड्याळाचं झाकण उचक. एकदा आम्ही एसटीनं जालन्याला निघालो, तर देवगाव फाटा येईपर्यंत त्यांनी आमच्या बाजूच्या सगळ्या सीटा आवळून काढल्या आणि कंडक्टरनं त्यांना डेपोचा माणूस समजून सलाम केला. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पानं वाढेपर्यंत भिंतीवरचं घड्याळ खोललं. जोडल्यावर तीन स्क्रू उरले. ते माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "ठिवा पाव्हणं. कंपनीवाले उगंच जादा घालायलेत." घड्याळ अजून चालतं. फक्त चार वाजता सात टोले देतं, आणि आम्हाला त्याची सवय झाली आहे.

अशा माणसाच्या हाती तो टीव्ही गेम लागला. आमच्या दोघांच्या सासुरवाडीतल्या कुणीतरी आखातातून आणलेला, दहा-बारा वर्षं माळ्यावर धूळ खात पडलेला काळा डबा. त्याला पिळायची दोन बटणं. टीव्हीला जोडला की पडद्याच्या दोन कडांना दोन पांढऱ्या पट्ट्या आणि मधे उड्या मारणारा चौकोनी चेंडू. बटण पिळून आपली पट्टी वर-खाली करायची आणि चेंडू परतवायचा. सुटला की समोरच्याला एक गुण, पंधरा झाले की डाव संपला. तोवर गावात धडाधड गोळ्या झाडणारे रंगीत गेम आले होते, त्यामुळे या म्हाताऱ्या डब्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. साडूभाऊंनी मात्र एका मेलेल्या रेडिओची आतडी काढून यात घातली, फुटलेल्या भागावर साबणाची डबी बसवली आणि आठ दिवसांत त्याला जिवंत केलं. मेहुणी म्हणायची, "एवढं ध्यान संसारात घातलं असतं तर!" तिचंही बरोबर होतं, कारण त्याच आठ दिवसांत घरातली इस्त्री, मिक्सर आणि दाराची बेल खोललेल्या अवस्थेत पडून होती.

पण या वेळच्या घाईला कारण होतं. त्यांच्या वडिलांना, बाबांना, लकवा झाला होता. बाबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, हात रोज हलवा, नाहीतर कायमचा आखडेल. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी डाव्या हातानं अंगणात भिरकावला. म्हणून साडूभाऊंनी हा गेम त्यांच्यापुढे मांडला. गेमचं बटण बारीक, बाबांच्या बोटांत येईना. त्यावर बाटलीचं झाकण बसवलं, मग सायकलची मूठ, मग कुकरचं हँडल. बाबांनी एकालाही हात लावला नाही. शेवटी साडूभाऊ भंगारवाल्याकडून एका ट्रकचं अख्खं स्टेअरिंग घेऊन आले.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा बंद चालला होता, गाड्या थांबल्या होत्या, म्हणून मी दोन दिवस त्यांच्याकडेच अडकलो होतो. सकाळी पाहतो तर बाबांच्या खाटेपुढे स्टूल, स्टुलाला स्टेअरिंग, आणि रेडिओचा काटा सरकवणारी दोरी स्टेअरिंगपासून थेट डब्यातल्या बटणाला. बाबांना लोडाला टेकवून बसवलं. त्यांनी ते चाक वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि चाकावर ठेवला. मेहुणी दारातच थांबली.

चेंडू निघाला. बाबांनी चाक फिरवलं आणि पट्टी झटकन वर गेली. चेंडू खालून निघून गेला. पुन्हा आला, बाबांनी पट्टी खाली घेतली, चेंडू वरून गेला. दर वेळी अगदी बिनचूक चुकवत होते!

"बाबा, आडवा की त्याला!" साडूभाऊ दुसऱ्या बटणावरून ओरडले.

बाबांची जीभ जड झाली होती. पण कितीतरी दिवसांनी ते बोलले. "आडवू? येड्या, समोरून येणाऱ्याला साईड द्यायची असती. माझ्या गाडीखाली कोंबडी मेली न्हाई आजवर."

बाबा हसत होते आणि लुळा हात चाकाबरोबर फिरत होता. पंधरा-शून्यावर डाव थांबला. बाबांनी पडद्याकडे डोळे बारीक करून विचारलं, "ते पंधरा कशाचे?"

मला धसका बसला. हरलो म्हणून पुन्हा भिंतीकडे वळले तर? साडूभाऊंनी सवयीनं टेस्टर काढला, डब्याकडे हात नेला. वायरी उलट्या करून गुण बाबांच्या बाजूला टाकायचा विचार असणार. मग थांबले आणि टेस्टर खिशात ठेवला. "पंधरा गाड्या सुखरूप गेल्या, बाबा."

"मंग लाव पुन्हा," बाबा म्हणाले.

दीड वर्ष हेच चाललं. रोज कचेरीत जायच्या आधी साडूभाऊ मुकाट्यानं पंधरा-शून्यानं जिंकत. बाबांचा हात इतका सुटला की ते आपल्या हातानं भाकरी मोडून खाऊ लागले. मग एका हिवाळ्यात बाबा गेले.

त्यानंतर भेटायला गेलो तर स्टूल तिथंच होतं. साडूभाऊ नेहमीसारखे अस्वस्थ; मी बसण्याआधीच त्यांनी माझं घड्याळ मागून घेतलं. मी सहज स्टेअरिंगला हात लावला, ते लटपटत होतं. म्हटलं, "हे लय ढिलं झालंय, आवळा की."

त्यांनी टेस्टर काढला, स्टुलाशी वाकले, आणि तसेच थांबले.

"राहू द्या, पाव्हणं," ते म्हणाले. "बाबाच्या हातानं ढिलं झालंय ते."

मग ते खाली बसले आणि माझी खुर्ची आवळायला लागले. मी उठलो नाही. ती मुळीच ढिली नव्हती.