आतून लावलेली कडी

नत्थूजी बांबू डोळ्यांनी बघत नसत, कानाने घेत. माझ्या टालावर, म्हणजे बांबूच्या वखारीत, आले की देवळात शिरावं तशी चप्पल बाहेर काढायचे आणि उभ्या करून ठेवलेल्या बांबूंना बोटाच्या पेराने ठोकत फिरायचे. मग एखादा बाजूला काढून म्हणायचे, "हा बोलते. बाकीचे मुके हायेत तुये." बांबू बोलतो हे ज्ञान मला त्यांच्याकडून मिळालं असं मी लिहिणार नाही. ती भाव पाडायची युक्ती होती, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

हातठेला ओढता ओढता मी बांबूच्या धंद्यात आलो. फुकटात कुणाला काडी देत नाही. फक्त तिरडीच्या बांबूचा भाव करायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतलेला आहे. गल्लीत कुणी गेलं की बांबू माझ्याकडूनच जातात. बाकी सगळ्यात मी घासून घेतो, आणि नत्थूजी माझ्याहून वरचढ निघायचे. ते असा काही भाव मागायचे की माझा आवाज चढे. तो चढला की समाधानाने पायरीवर बसत. "तापला का बबन? आता खरा भाव सांगशीन."

ते आमच्याच गल्लीतले, मूळचे विणकर. घरातला हातमाग बंद पडून जमाना झाला होता, पण हातातल्या गाठी गेल्या नव्हत्या. त्या गाठींवर ते बडग्या बांधत. आमच्या नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. वर्षभर ज्या गोष्टीने लोकांना छळलं, तिचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, तो बडग्या. 'घेऊन जा गे मारबत' अशा आरोळ्या ठोकत त्याला मिरवायचं आणि शेवटी वस्तीबाहेर नेऊन जाळायचं. म्हणजे पीडा गेली. महागाई, खड्डे, पुढारी, डास, सगळ्यांचे बडगे नत्थूजींनी बांधले. खिळा ठोकायचे नाहीत. "जे जाळाचं हाय त्याले लोखंड काहून लावाचं?" असं म्हणायचे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा मोठा भाऊ गेला. भर दुपारी त्याला धाप लागली. आम्ही माडीवर राहत होतो आणि ऑटोवाला खाली उभा होता, पण हात लावायला तयार नव्हता. मी गल्लीतलं दार न् दार वाजवलं. पडदे हलले. एका घरातून तर आतली कडी सरकल्याचा आवाज आला, म्हणजे उघडी होती ती लावली. शेवटी दादाला पाठीवर घेऊन मी एकटा जिना उतरलो. दवाखान्याच्या फाटकाशीच तो गेला. त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळून गाडीत घातलं. अख्ख्या गल्लीच्या तिरड्यांना बांबू देणारा मी, माझ्या सख्ख्या भावाला दोन बांबू देऊ शकलो नाही.

मारबतीची मिरवणूक पुन्हा सुरू झाली त्या वर्षी मंडळाच्या पोरांनी कोरोनाचा बडग्या मागितला. नत्थूजींनी तो केला. हिरवं गोल डोकं, त्यावर काटे, आणि मास्क तोंडाऐवजी डोळ्यांवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक पोट धरून हसले. मला ते हसू नाही, विस्तव वाटला. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन मी त्यांना नको ते बोललो. ते पानाला चुना लावत सगळं ऐकत राहिले, मग म्हणाले, "लोकं हासले म्हंजे भेव गेलं. जाळलं म्हंजे तेही गेलं. बडग्या असतेच त्याच्यासाठी."

"माझं नाही गेलं," मी म्हटलं.

"तुया बडग्या मीनं केलाच कुठं अजून?"

पुढच्या पोळ्याला कोरोनाचा बडग्या लहान झाला. त्याच्या पुढच्या वर्षी तो नव्हताच, मोबाइलचा होता. गल्लीतलं बोलणंही हळूहळू पालटलं. आधी लोक विषय निघाला की मान खाली घालायचे. मग थाळ्या वाजवल्याच्या, घरी केस कापल्याच्या गमती सांगू लागले. मग त्या दिवसांची गोडी लागावी तसं बोलू लागले: हवा कशी स्वच्छ होती, घरचे कसे एकत्र जेवायचे. शेवटी गणपतीच्या बैठकीत देवरावजींनी माइक घेतला. देवरावजी आमच्या मंडळाचे अध्यक्ष, घर माझ्या घरासमोर. म्हणाले, कोरोनात आपली गल्ली एका कुटुंबासारखी उभी राहिली. टाळ्या पडल्या. मी उठलो आणि माइकची वायर उपटली. पुढे काय झालं ते लिहिण्यासारखं नाही, पण दोघातिघांनी मला धरून बाहेर नेलं.

पुढचा पोळा जवळ आला तसा मी नत्थूजींकडे गेलो. म्हटलं, देवरावजींच्या तोंडाचा बडग्या करा, बांबू लागतील तेवढे घ्या, भाव नाही करायचा. मी फुकट देतोय म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"गल्लीतल्या मानसाचं तोंड मी लावत नाही," ते म्हणाले. "एकटाच होता का थो?"

"सगळेच होते."

"मंग एकाच्या तोंडावर काहून घेऊन राहिला? सोय होते ना गा बाकीच्यायची."

आमची ती घासाघीस भावाच्या घासाघिशीहून लांबली. मला तोंड हवं होतं, ते द्यायला तयार नव्हते. मी म्हटलं, जाळून ही गोष्ट जाऊ द्यायची नाहीये मला. ते म्हणाले, न जाळता तरी कुठं राहून राहिली हाय, रोज थोडी थोडी जाऊनच राहिली ना. जाळाले नेतो म्हटलं तं लोकं पाहते तरी. शेवटी सौदा ठरला. बडग्या ते त्यांच्या मनाने बांधणार. मी सोबत चालणार आणि आग मी लावणार.

त्यांनी दार बांधलं. पुरुषभर उंचीचं बंद दार, कागदावर लाकडाच्या रेषा रंगवलेल्या, आणि त्याला खरीखुरी लोखंडी कडी. लोखंड न लावणाऱ्या माणसाने कडी लावलेली बघून मी विचारलंही. "आवाज आला पायजे," एवढंच म्हणाले.

दार गल्लीतून निघालं. प्रत्येक धक्क्याला कडी वाजत होती. पोरं धावत येऊन दारावर थापा मारत आणि हसत पळून जात. ओट्यांवर उभी मोठी माणसं आधी हसली, मग कडीचा आवाज ऐकत राहिली. मी एकेकाचं तोंड बघत चाललो होतो. त्या दिवसासाठी मी काहीही मोजलं असतं. देवरावजी पुढे आले.

"हे काय केलं नत्थूजी?"

"दार हाय."

"कोनाचं?"

"ज्याचं त्यानं पाहावं."

देवरावजी बाजूला झाले. त्या वर्षी आमच्या बडग्यासमोर आरोळी नीट उठलीच नाही.

वस्तीबाहेर मी काडी लावली. बांबू फटफट फुटले, कागद उडाला, दार गेलं, पण मी मोकळा झालो नाही. नत्थूजींनी काठीने राख उकरली. काळीठिक्कर कडी बाहेर ओढली, थोडी निवू दिली, धोतराच्या सोग्यात धरून माझ्या हातावर ठेवली.

"तुयापाशी ठेव. मायाच घरची हाय."

मला कळलं नाही.

"त्या दिवशी दुपारी उघडी होती. तुयी हाक आली, अन् मीनं उठून आतून लावली."

मी तापलो नाही, आणि नत्थूजी माझ्या तापण्याची वाट बघत उभे होते. मग चप्पल हातात घेऊन ते एकटेच घराकडे गेले. माफ केलं असं मी त्यांना कधी म्हटलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. टालावर मात्र येत राहिले, बांबू ठोकत राहिले, घासाघीस करत राहिले. त्यांच्या घराच्या दाराला त्यांनी पुन्हा कडी बसवली नाही, सुतळीने बांधायचे.

यंदा उन्हाळ्यात नत्थूजी गेले. बांबू मी स्वतः निवडले. ठोकून, कान लावून. बोलले की नाही ते सांगत नाही. सगळी गल्ली खांद्याला होती, मीही होतो.

आमच्याकडे चिता पेटली की घाटावरच शोकसभा होते. देवरावजी बोलायला उभे राहिले. म्हणाले, कोरोनात या गल्लीतली सगळी दारं बंद होती, ते आपण कबूल केलं पाहिजे. मी चमकलो. पण ते पुढे म्हणाले, एकच दार उघडं होतं, नत्थूजींचं. लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी डोळेही पुसले. माझ्यासमोर, चिता पुरती पेटायच्या आत, गोष्ट पुन्हा पालटत होती.

मी उठलो. दोघांनी मला धरायला हात पुढे केले, पण या वेळी माझा आवाज चढलेला नव्हता. खिशातून कडी काढून मी वर धरली.

"नत्थूजींचं दारही बंद होतं," मी म्हटलं. "ही त्याची कडी. हाक ऐकून त्यांनी ती आतून लावली, आणि हे त्यांनीच मला सांगितलं. त्यांना उघड्या दाराचं पुण्य देऊ नका, त्यांचं खरं आहे ते पुसलं जाईल. गल्लीत कडी काढून देणारा एकच माणूस होता. बाकीच्यांच्या अजून दारालाच आहेत."

दोन मिनिटं शांत उभं राहायचं असतं तसे उभे राहिलो आणि परत निघालो. वाटेत देवरावजी माझ्या बाजूने चालू लागले.

"माया दाराले कडी नाही, बबन," ते म्हणाले. "आडवी लोखंडी पट्टी हाय."

"मंग थे आना," मी म्हटलं. "पोळा यायचा हाय अजून."