रुसलेल्या भावासोबत सात नाले

पिंपळनेरच्या पुढे जंगलात वनखात्याने एक गोल पायवाट केली आहे. केली होती, म्हणणं जास्त बरोबर. उद्घाटनाची कोनशिला अजून चकचकीत आहे, वाट तेवढी शोधावी लागते. घाणेरी कमरेएवढी वाढलेली आणि एकच नाला सात वेळा ओलांडायचा. सातही साकव वाहून गेलेत. 'साकवावर गर्दी करू नये' ही पाटी मात्र शाबूत आहे.

अशा रम्य जागी मला माझ्या थोरल्या भावासोबत धाडण्यात आलं. योजना आमच्या दोघांच्या बायकांची. त्या स्वतः जंगलाच्या फाटकापाशी भरताची वांगी भाजत बसल्या. भाऊ दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात टॉवेल-टोपीचा पहिला मान मी व्याह्यांच्या मावसभावाला दिला आणि सख्ख्या भावाचं नाव तिसरं पुकारलं गेलं. आमच्या खानदेशात एवढ्यावर माणसं जन्मभर गप्प राहू शकतात. आता धाकटीचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि भाऊ नसलेला मांडव मला नको होता.

तो पुढे, मी मागे. बोलायचंच झालं तर तो सागाच्या झाडांशी बोलायचा. "काही लोकेसले वाट दिखस नही," असं एका सागाला सांगून तो स्वतःच चुकीच्या बाजूला वळला. मीही टोकलं नाही. घराणं एकच आहे. अर्धा तास आम्ही घाणेरीतून मोठ्या मानाने भटकलो.

पाचव्या वेळी नाला ओलांडताना भाऊ मधल्या दगडावर अडकला. पुढचा दगड लांब, मागचा शेवाळलेला, गुडघे साठीचे. मी खालच्या अंगाने पार झालो होतो. हात मागायचा तर बोलावं लागणार, म्हणून तो पाण्याकडे बघत उभा राहिला. मी मनात म्हटलं, राहा उभा. मग त्याचा पाय थरथरताना दिसला आणि माझी सगळी ऐट उतरली. बुटांसकट पाण्यात शिरून मी हात पुढे केला. तो हात घेईना.

"मनी चूक व्हयनी, भाऊ."

दोन वर्षांत मी त्याच्याकडे भारीतला फेटा पाठवला होता, मिठाई पाठवली होती, मध्यस्थ तर तीनदा पाठवले होते. स्वतः जाऊन एवढं बोललो मात्र नव्हतो.

त्याने माझं मनगट घट्ट धरलं. डोळे भरले होते त्याचे.

"इतलं सांगाले दोन वरीस लागनात तुले?"